लिनक्स सुरू व्हायला तीन मिनिटं? आधी सेकंद मोजा, मग हात लावा

मावसभावाचा लॅपटॉप माझ्याकडे आला तो एका वाक्यासह: "दादा, हा म्हातारा झालाय, नवीन घ्यावा म्हणतो." मशीन सात वर्षांचं, पण एसएसडी बसवलेली, ८ जीबी मेमरी, त्यात उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि शेजारी विंडोज. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत जवळजवळ तीन मिनिटं. एसएसडी असलेल्या लॅपटॉपला एवढा वेळ लागत असेल तर त्याला म्हातारपण म्हणत नाहीत. कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसलेलं असतं. पंगतीत पानं वाढून झालीत, वरणभात निवत चाललाय आणि यजमान अशा पाहुण्यासाठी थांबलेत जो गाव सोडून गेलाय, असा प्रकार.

मंद सुरुवातीच्या तक्रारी मी जितक्या पाहिल्या त्यातल्या बहुतेकांचं मूळ हेच निघालं. तो पाहुणा कसा शोधायचा, हे त्याच लॅपटॉपच्या निमित्ताने सांगतो.

आधी एक खुलासा. खाली आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. ग्रब (सुरुवातीचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) याच्या सेटिंगमधली नावं मात्र फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत असतात. पुढे येणाऱ्या 'सिस्टमडी-ॲनलाइझ' या आज्ञेतल्या ॲनलाइझच्या स्पेलिंगमध्ये शेवटी झेड-ई आहे, एस-ई नाही. उदाहरणं उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांची आहेत. फेडोरा या दुसऱ्या प्रकारात काही नावं बदलतात, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

मेनू दिसतच नाही, मग वाचायचा कसा

लॅपटॉपचं फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) आधी जागं होतं, ते ग्रबला हाक मारतं, ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीत चढवतो, आणि कर्नल शेवटी सिस्टमडीच्या (बाकी सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) हाती कारभार सोपवतो. आपल्याला दिसणारा मेनू म्हणजे यातला ग्रब. मशीनवर एकटं उबंटू असेल तर हा मेनू मुद्दाम लपवलेला असतो. तो बाहेर काढायला कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप दाबायचं. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं. एस्केप दोनतीनदा दाबलं गेलं तर काळ्या पडद्यावर नुसता 'ग्रब>' असा प्रॉम्प्ट येतो आणि लोक घाबरतात. काही बिघडलेलं नसतं. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर दाबा आणि लगेच एकदाच एस्केप.

मेनूत पहिली ओळ 'उबंटू'. ही नेहमीची सुरुवात, सर्वांत नवीन कर्नलसह. दुसरी 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू'. हिला लोक हात लावत नाहीत, पण अडचणीत हीच कामाला येते. आत गेलात की मशीनवर असलेले सगळे कर्नल दिसतात, प्रत्येकाची एक साधी ओळ आणि एक 'रिकव्हरी मोड'ची. अपडेटनंतर वायफाय गेलं, पडदा काळा राहिला किंवा सुरुवात अचानक मंदावली, तर सगळ्यात आधी इथून मागचा कर्नल निवडून बघा. जुन्यावर सगळं ठीक चाललं तर दोष नव्या कर्नलमध्ये, आणि तुमचे दोन तास वाचले.

रिकव्हरी मोड निवडला की एक छोटी यादी येते. 'क्लीन' डिस्कवर जागा करतं, 'डीपीकेजी' अर्धवट राहिलेली पॅकेजेस सावरतं, 'एफएससीके' फाइल सिस्टीम तपासतं, 'रूट' थेट प्रशासकाचा प्रॉम्प्ट देतं. 'रूट' घेतलंत तर एक लक्षात ठेवा: डिस्क तिथे बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. काही बदलायचं तर आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' ही आज्ञा द्यावी लागते. नाहीतर फाइल सेव्ह होत नाही आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

'मेमरी टेस्ट' रॅम तपासायला. मशीन मध्येच गोठत असेल तर रात्रभर लावून ठेवा, नुसत्या मंद सुरुवातीशी तिचा संबंध क्वचितच. 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' तुम्हाला थेट बायोसच्या पडद्यावर नेते, म्हणजे एफ२ की डिलीट हा पोरखेळ नको. आणि 'विंडोज बूट मॅनेजर' म्हणजे अर्थातच विंडोज. ती ओळ गायब असेल तर ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मूळ रूपात बंद ठेवलेला असतो, हे बहुधा कारण. त्याचा इलाज पुढे येतो.

या मेनूची खरी ताकद 'ई' या अक्षरात आहे. एखाद्या ओळीवर थांबून 'ई' दाबा, त्या ओळीमागचा मजकूर उघडतो. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. क्वाएट म्हणजे तोंड बंद ठेव, स्प्लॅश म्हणजे चित्र दाखव. दोन्ही पुसा आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. आता लोगोऐवजी मशीन काय काय करतंय ते ओळीओळीने दिसेल. हा बदल फक्त या एका वेळेपुरता असतो, पुढच्या वेळी सगळं पूर्ववत. म्हणून इथे बिनधास्त प्रयोग करा. ग्राफिक्स कार्ड रुसलं असेल तर याच ओळीत 'नोमोडसेट' लिहून बघता येतं. नेहमीसाठी मात्र ते ठेवू नका. त्याने पडदा दिसतो, पण ग्राफिक्सचा वेग जातो.

मावसभावाच्या लॅपटॉपवर हे दोन शब्द पुसताच पाहुण्याचं नाव समोर आलं. एका ओळीवर लाल तारे इकडून तिकडे पळत होते: 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर', पुढे डिस्कचा भलामोठा क्रमांक, आणि शेवटी कंसात घड्याळ, १ मिनिट ३० सेकंदांच्या मर्यादेकडे सरकणारं. तरीही मी लगेच काही बदललं नाही. तीन मिनिटांतली दीड सापडली होती, उरलेली दीड कुठे होती?

सेकंदांचा हिशोब

डेस्कटॉप आल्यावर टर्मिनल उघडून एवढंच:

सिस्टमडी-ॲनलाइझ

उबंटूने एप्रिल २०१५ मधल्या १५.०४ आवृत्तीपासून सिस्टमडी घेतली आणि तिच्याबरोबर हा फुकटचा हिशोबनीस आला. आमचा हिशोब असा निघाला: फर्मवेअर ६ सेकंद, लोडर ३३, कर्नल ३६, यूझरस्पेस ९८. एकूण १७३. (जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर पहिले दोन आकडे दिसत नाहीत. फेडोरात 'इनिटआरडी' असा आणखी एक आकडा वेगळा दिसतो, तो उबंटूत कर्नलमध्येच मिसळलेला असतो.)

हे चार आकडे म्हणजे चार वेगवेगळी खाती. फर्मवेअर मोठं असेल तर लिनक्समध्ये काहीही करून उपयोग नाही. बायोसमध्ये जाऊन नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय बंद करा, सुरुवातीचा क्रम नीट लावा, फास्ट बूट चालू करा. लोडर मोठा असेल तर बोट ग्रबकडे, आणि गंमत म्हणजे मेनू पडद्यावर तुमची वाट बघत थांबतो ते सेकंदही यातच धरले जातात. कर्नल मोठा असेल तर डिस्क किंवा एखादं हार्डवेअर वेळेवर उत्तर देत नाही. यूझरस्पेस, म्हणजे कर्नलनंतर सिस्टमडी सुरू करते ते सगळं, मोठा असेल तर एखादी सेवा (मागे चालणारा प्रोग्राम), एखादं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग). हे न बघता इंटरनेटवरच्या 'दहा सेवा बंद करा' छापाच्या याद्या चालवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बरेच जण ब्लूटूथ आणि प्रिंटरची सेवा बंद करून दीड सेकंद वाचवतात आणि महिन्याने प्रिंट का निघत नाही म्हणून डोकं खाजवतात.

यूझरस्पेससाठी दोन आज्ञा आहेत. 'सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम' प्रत्येक सेवेला किती वेळ लागला त्याची उतरत्या क्रमाने यादी देते. नावच 'ब्लेम', त्यामुळे जो वर तो गुन्हेगार असं वाटतं. तसं नाही. सेवा एकाच वेळी समांतर सुरू होतात, आणि कित्येक नुसत्या दुसऱ्याची वाट बघत असतात. सर्वांत वर हमखास सापडणारी 'प्लिमाउथ-क्विट-वेट' तर केवळ लोगोचं चित्र कधी हटेल याची वाट बघणारी. तिला बंद करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

त्याहून खरी आज्ञा 'सिस्टमडी-ॲनलाइझ क्रिटिकल-चेन'. ही कोण कुणासाठी अडकलं होतं ती साखळी दाखवते. नावापुढे '@' नंतरचा आकडा म्हणजे ती सेवा तयार झाली तो क्षण, '+' नंतरचा म्हणजे तिने स्वतः घेतलेला वेळ. '+' चा आकडा मोठा असलेली सेवा साखळीत दिसली तर ती पकडा.

आणि इथेच एक खोच आहे, जी मला पहिल्या वेळी तासभर पुरली. जे पार्टिशन शेवटपर्यंत आलंच नाही ते या दोन्ही याद्यांत दिसत नाही. ब्लेम फक्त जे सुरू झालं त्याचाच हिशोब देते. हजेरीपटावर गैरहजर मुलाने किती उशीर केला हे कसं कळणार? यूझरस्पेस ९८ सेकंद आणि ब्लेममध्ये सर्वांत मोठा आकडा ४ सेकंद, असं विचित्र चित्र दिसलं की समजा, कुणीतरी आलंच नाही. मग नोंदवही उघडायची:

जर्नलसीटीएल -बी

ही आत्ताच्या सुरुवातीची सगळी नोंद. डावीकडच्या घड्याळावर नजर ठेवून खाली जा. ओळी एकाच सेकंदात दहा-दहा पळत असतात, आणि मध्येच एका ओळीवर १०:१४:०९ तर पुढच्यावर १०:१५:३६ दिसतं. त्या फटीच्या कडेच्या ओळी वाचा. आमच्या इथे 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस' असं लिहिलं होतं, त्याखाली स्वॅपची (मेमरी भरली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) तक्रार. फक्त चुका पाहायच्या तर शेवटी '-पी ईआरआर' जोडा. मागच्या सुरुवातीची नोंद हवी तर '-बी -१'.

पाहुणा कोण होता

मावसभावाला विचारलं, स्वॅपला काही केलं होतंस का? बराच वेळ आठवून म्हणाला, "मेमरी कमी पडत होती म्हणून लाइव्ह यूएसबी लावून जीपार्टेडने ते पार्टिशन काढलं आणि मोठं करून परत बनवलं."

मिळालं. त्याचं उबंटू १६.०४ पासून आवृत्त्या चढवत आणलेलं. १७.०४ पासून नव्याने टाकलेल्या उबंटूत स्वॅप साध्या फाइलमध्ये असते, पण जुन्यात तिला वेगळं पार्टिशन असायचं. प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचा एक लांब ओळखक्रमांक असतो. पार्टिशन पुन्हा बनवलं की क्रमांक नवा. पण /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये अजून जुनाच क्रमांक लिहिलेला. सिस्टमडी तो शोधत ९० सेकंद थांबायची आणि मग नाद सोडून पुढे जायची. ज्या स्वॅपसाठी हा सगळा खटाटोप केला ती त्या दिवसापासून चालूच नव्हती. 'स्वॅपऑन --शो' दिलं तर उत्तर रिकामं.

दुरुस्ती पाच मिनिटांची. आधी मूळ फाइलची प्रत ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या हक्काने):

सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुनी

मग 'एलएसबीएलके -एफ' दिलं की आत्ता खरोखर असलेली पार्टिशनं आणि त्यांचे क्रमांक दिसतात. 'सुडो नॅनो /ईटीसी/एफएसटॅब' ने फाइल उघडून स्वॅपच्या ओळीतला जुना क्रमांक काढून नवा चिकटवा. हाताने टाइप करू नका, एक अक्षर चुकलं की पुन्हा तेच. पार्टिशन आता अस्तित्वातच नसेल तर ओळीच्या सुरुवातीला # टाकून ती निजवा. बाहेर पडल्यावर 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' दिलं की फाइलमधली चूक रीस्टार्टच्या आधीच कळते.

ही तपासणी टाळू नका. स्वॅप सापडली नाही तर सुरुवात फक्त मंद होते, पण एखादं डेटाचं पार्टिशन सापडलं नाही तर मशीन थेट 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊन अडून बसतं. बाहेरची हार्ड डिस्क एफएसटॅबमध्ये लिहिलेल्यांना हे डिस्क घरी विसरल्यावर कळतं. अशा ओळीत 'डिफॉल्ट्स' नंतर स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहा. मग असली तर जोडली जाते, नसली तर कुणी थांबत नाही.

कर्नलच्या ३६ सेकंदांचं मूळही तेच. हायबरनेट केलेलं (मेमरीतलं सगळं डिस्कवर जपून बंद केलेलं) सत्र परत उचलण्यासाठी कर्नलबरोबर चढणारी इनिटरामएफएस नावाची छोटी फाइल सिस्टीमसुद्धा जुन्याच क्रमांकाची स्वॅप शोधत साधारण ३० सेकंद थांबायची. क्वाएट काढल्यावर 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' ही ओळ येते ती याचीच. /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमध्ये तो क्रमांक असतो. हायबरनेट वापरत असाल तर नवा क्रमांक टाका, नसाल तर मोठ्या अक्षरांत 'रिझ्यूम=', पुढे लहान अक्षरांत 'नन' एवढीच ओळ ठेवा. नंतर 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू' द्यायलाच हवं, नाहीतर बदल फाइलमध्येच राहतो.

आणि लोडरचे ३३

हा तुकडा मला सगळ्यात आवडला. मावसभाव वैतागून अधूनमधून पॉवरचं बटण दाबून धरायचा आणि पुन्हा सुरू करायचा. उबंटूचा ग्रब मागची सुरुवात अर्धवट राहिली का याची खूण ठेवतो, आणि राहिली असेल तर पुढच्या वेळी माणसाला निवड करता यावी म्हणून मेनू ३० सेकंद उघडा ठेवतो. म्हणजे घाई केली की अर्धा मिनिट दंड. वीज गेली आणि सुरू होता होता मशीन बंद पडलं तरी हेच घडतं. बॅटरी मेलेल्या जुन्या लॅपटॉपवर, गावाकडे, हे नेहमीचं.

ग्रबच्या सगळ्या सवयी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये आहेत. 'ग्रब_टाइमआउट' मध्ये मेनूचे सेकंद: एकच सिस्टीम असेल तर ०, विंडोजही असेल तर मी ३ ठेवतो. 'ग्रब_टाइमआउट_स्टाइल' मध्ये 'हिडन' किंवा 'मेनू'. 'ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=५' अशी ओळ स्वतः जोडली की तो ३० सेकंदांचा दंड पाचवर येतो. शून्य करू नका, ज्या दिवशी मशीन खरंच अडेल त्या दिवशी तो मेनू लागेल. विंडोजची ओळ गायब असेल तर 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स'. शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब'. फेडोरात त्याऐवजी 'ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ' आणि पुढे /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी हा पत्ता. ग्रब.सीएफजी थेट उघडून बदलायचा मोह आवरा. पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्याने लिहिली जाते आणि तुमची मेहनत वाहून जाते.

रीस्टार्ट केल्यावर हिशोब आला: ६, ५, ५ आणि ९. पंचवीस सेकंद. लॅपटॉप विकायचा विचार बारगळला.

तुमच्याकडे दोष स्वॅपचा नसेल तर

बाकी नेहमीचे संशयित थोडक्यात. 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' (यातला नेटवर्कचा एन आणि मॅनेजरचा एम मात्र मोठ्या अक्षरांत) ही सेवा इंटरनेट पक्कं जोडलं जाईपर्यंत सुरुवातीच्या काही कामांना धरून ठेवते. ऑफिसच्या सर्व्हरवरचं फोल्डर सुरुवातीलाच जोडत नसाल तर घरच्या लॅपटॉपला तिची गरज नाही: 'सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल' आणि पुढे तिचं नाव, शेवटी '.सर्व्हिस'. वायफाय चालूच राहतं, फक्त कुणी त्यासाठी थांबत नाही. पश्चात्ताप झाला तर 'डिसेबल'च्या जागी 'एनेबल'.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) हमखास सुरुवातीला उठतात. डॉकरची '.सर्व्हिस' डिसेबल करून '.सॉकेट' चालू ठेवा, मग पहिली डॉकर आज्ञा दिलीत की ती आपोआप जागी होते. मात्र सुरुवातीला आपोआप उठायला हवेत असे कंटेनर असतील तर ते पहिल्या आज्ञेपर्यंत झोपून राहतील. मायएसक्यूएल हवं तेव्हा हाताने 'स्टार्ट' करा.

ब्लेममध्ये सगळ्याच सेवा थोड्या थोड्या जाड दिसत असतील, कुणी एक नजरेत भरत नसेल, तर डिस्कच मंद आहे. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर सेटिंग बदलून जे मिळत नाही ते साधी साटा एसएसडी बसवून मिळतं, पैसे तिथे घाला. आणि नोंदवहीत 'आय/ओ एरर' किंवा 'एटीए' ने सुरू होणाऱ्या चुकांची रांग दिसली तर वेगाचा विचार सोडा आणि आधी बॅकअप घ्या. मग 'स्मार्टमॉनटूल्स' पॅकेज टाकून 'सुडो स्मार्टसीटीएल -ए' आणि डिस्कचं नाव द्या. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' समोरचा शेवटचा आकडा शून्याहून मोठा असेल तर डिस्कने निरोप द्यायला सुरुवात केली आहे.

पासवर्ड टाकल्यानंतर डेस्कटॉप रखडत असेल तर वरचं काहीच लागू नाही, कारण सिस्टमडी-ॲनलाइझचा हा हिशोब लॉगिनच्या पडद्यापर्यंतचा असतो. तिथे 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स' उघडून बघा. आमच्या लॅपटॉपवर तीन चॅट ॲप आणि दोन क्लाउड ड्राइव्ह सापडले. त्यातलं एक त्याने वर्षभरात एकदाही उघडलं नव्हतं.